मढ्याशेजारचे हसू

गेल्या वैशाखात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयात, एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. विषय मोठा भारदस्त होता: देशोदेशींचे मृत्युसंस्कार. इजिप्तचे पिरॅमिड झाले, पारश्यांचे दोखमे झाले, तिबेटातली गिधाडे झाली. आणि मग श्रोते जांभया देऊ लागले आहेत असे पाहून व्याख्यात्यांनी शेवटचा हातखंडा म्हणून आयर्लंड बाहेर काढले. "तिकडे खेड्यात माणूस मेला," ते म्हणाले, "की मढे घरात मांडून ठेवतात, आणि त्याच्याभोवती रात्रभर दारू पितात, चिलमी ओढतात, पत्ते कुटतात, पोरीबाळींच्या थट्टा करतात! मेलेल्याची वरातच म्हणा ना!" सभागृह खदखदून हसले. अध्यक्षांनी हसता हसता डोळे पुसले. मग आभार, पानसुपारी, आणि मंडळी घरोघर.

मी हसलो नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून कोणी विद्वान म्हणत नाही, आणि ते बरेच आहे. आयर्लंड मी पाहिलेले नाही, पाहीन असेही दिसत नाही. पण त्या बेटावर खेड्यात माणूस मेल्यावर काय करतात याचा, मिळेल त्या पुस्तकातून आणि मिळेल त्या माणसाकडून, मी गेली काही वर्षे छडा लावत आलो आहे. त्याचे कारण पुढे येईल. आज सांगायचे ते इतकेच, की व्याख्यात्यांनी सांगितलेला प्रत्येक तपशील खरा होता आणि त्यांचे व्याख्यान आरंभापासून शेवटपर्यंत खोटे होते.

या चालीला इंग्रजीत 'वेक' म्हणतात. वेक म्हणजे जागणे. आपल्याकडे देवीचा जागर असतो, तसा हा मेलेल्या माणसाचा जागर. मढे एकटे राहता कामा नये, हे त्यातले मूळ सूत्र. प्राण गेला की घरातले घड्याळ थांबवायचे, आरशावर कापड टाकायचे, खिडकी उघडून आत्म्याला वाट द्यायची आणि थोड्या वेळाने ती पुन्हा लावून घ्यायची. मग शेजारच्या दोघी-तिघी जाणत्या बायका येतात. प्रत्येक वाडीत अशा बायका ठरलेल्या असत. बाळंतपणाला त्याच आणि मढे धुवायलाही त्याच. त्या शव धुतात, बहुधा तपकिरी रंगाचा जाड अंगरखा चढवतात, बोटांत जपमाळ गुंफतात. पलंगाभोवती पांढऱ्या चादरी लावतात, मेणबत्त्या पेटवतात. घरची माणसे यांतले काही करीत नाहीत. त्यांनी रडायचे. गोठ्यातल्या गाई शेजारी पिळतात, खड्डा शेजारी खणतात, पीठ, चहा, साखर, तंबाखू शेजारी आणतात. सबंध वाडीचे शेतकाम त्या दिवशी बंद.

संध्याकाळपासून लोक येऊ लागतात. येणारा आधी मृताकडे जातो, गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो, हाताला हात लावतो. मग घरच्यांचे हात हातात घेऊन एक ठरलेले वाक्य बोलतो, की तुमच्यावर आलेल्या या संकटाचे मला दुःख आहे. बस्स, भाषण नाही. पूर्वी एका ताटलीत तपकीर आणि शेजारी पांढऱ्या मातीच्या चिलमी भरून ठेवलेल्या असत. चिलीम उचलायची ती 'देव त्याच्यावर दया करो' असे म्हणूनच उचलायची. म्हणजे आमच्या व्याख्यात्यांना जी नुसती चिलीम दिसली, तिच्या प्रत्येक झुरक्यामागे एक प्रार्थना होती. शंभर माणसे आली की शंभर प्रार्थना झाल्या. गरीब घराला याहून स्वस्तात इतके पुण्य कोणी मिळवून दिले असते, ते मला सांगावे!

मध्यरात्री जपमाळेची प्रार्थना होई. सगळे घर गुडघ्यांवर. म्हातारे पुष्कळसे त्यानंतर उठून जात, आणि तरुण मंडळी पहाटेपर्यंत राहात. खेळ चालत ते तेव्हा. आणि खरोखर चालत, ते मी लपवणार नाही. कोडी, गोष्टी, कुस्त्या, ताकदीचे डाव. एका खेळात सगळे वर्तुळ करून बसत आणि पाठीमागून एक जोडा हातोहात फिरवीत. मधल्याने तो शोधायचा, आणि शोधता शोधता पाठीत रट्टे खायचे. आपले 'आईचे पत्र हरवले' ज्यांना आठवते त्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. दुसऱ्या एका खेळात खोटी लग्ने लावीत. एक पोर भटजी, म्हणजे तिकडचा पाद्री, होई आणि नवरानवरीला वाट्टेल तो उपदेश करी. अशा खोट्या लग्नांतून पुढे खरी लग्ने जुळत. कोठे कोठे पत्त्यांच्या डावात मेलेल्याच्या हातीही पाने देत, त्याच्या तोंडात चिलीम ठेवीत, नाचात त्याला ओढीत.

हे वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या होत्या. पण शॉन ओ सूलावॉन नावाच्या गृहस्थांनी १९६१ साली आयरिश भाषेत एक पुस्तक लिहिले, आणि १९६७ साली त्याचे इंग्रजी आले. त्यात या खेळांची गावोगावची माहिती आहे. हे गृहस्थ आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाचे दप्तर सांभाळीत. आयोग १९३५ सालचा. त्याचे लोक सायकलींवरून खेडोपाडी हिंडले; आणि १९३७ ते १९३९ या काळात तर सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पोरांना मास्तरांनी वह्या देऊन घरी पाठवले, की आजीआजोबांकडून जुन्या गोष्टी लिहून आणा. (हे वाचल्यावर मला त्या मास्तरांचा भारी हेवा वाटला. आमच्याकडे मास्तरांना माणसे आणि ढोरे मोजायला धाडतात.) सूलावॉन यांना हे खेळ बीभत्स वाटत नाहीत. मेलेल्या माणसाला एकदम परका करून टाकायचे नाही, शेवटच्या रात्रीच्या मेळ्यात त्याचाही वाटा ठेवायचा, तो रागावून जाऊ नये असे पाहायचे, अशी त्यांची उपपत्ती आहे. ती सर्वस्वी पटो न पटो, एक गोष्ट ते स्पष्ट नोंदवतात आणि ती आमच्या व्याख्यात्यांच्या कानावर गेलेली नव्हती. हे खेळ म्हाताऱ्या, पिकल्या माणसाच्या जागरात होत. तरणाताठा पोर बुडाला, बाळंतीण गेली, तर त्या घरी खेळ नसे. तेथे माणसे भिंतीला पाठ लावून मुकाट बसत. कोठे हसायचे आणि कोठे हसायचे नाही हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्याला रानटी म्हणत नाहीत.

दारूबद्दल मात्र मी वकिली करणार नाही. चोरून गाळलेली गावठी दारू, तिला तिकडे पोचीन म्हणतात, घागरींनी संपे. गरीब घर एका मरणापायी वर्षभराच्या कर्जात जाई. भांडणे होत, डोकी फुटत. आमच्याकडे तेराव्यापायी शेत गहाण पडलेली घरे मला ठाऊक आहेत, तेव्हा हा प्रकार मला पुस्तकात वाचून कळावा लागत नाही. पण दारू हा दोष होता तर दारू काढायची होती. काढले गेले ते दुसरेच.

माझे खरे भांडण येथे सुरू होते.

जागरातला सगळ्यांत जुना भाग म्हणजे बायकांचा विलाप. इंग्रजीत त्याला 'कीनिंग' म्हणतात. शब्द मूळचा आयरिश. 'रुदाली' सिनेमा पाहिलेल्यांनी लगेच मान डोलावू नये. पैसे, दारू, धान्य घेऊन विलाप करणाऱ्या बायका असत हे खरे, पण त्या उसन्या अश्रूंच्या दुकानदारणी नव्हत्या. त्या कवयित्री होत्या. मृताला नावाने हाक मारायची, त्याचे कूळ, त्याचे रूप, त्याचे हात, त्याचा घोडा, त्याचे औदार्य गायचे, आणि प्रत्येक कडव्यानंतर जमलेल्या सगळ्या बायकांनी मिळून एक दीर्घ आकांत करायचा, अशी त्याची ठेवण असे. रचना जागच्या जागी होई. शव धुऊन नीट मांडल्याखेरीज विलाप सुरू करायचा नाही असा नियम होता, नाहीतर सैतानाचे कुत्रे जागे होतात म्हणे.

आणि विलापात नुसती स्तुती नसे. त्यात हिशेब असे. १७७३ साली कॉर्क परगण्यात आर्ट ओलीअरी नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण गोळी घालून मारला गेला. हंगेरियन घोडदळात कप्तानकी करून परतलेला, कॅथलिक, डौलदार, उद्धट म्हणावा असा. त्या काळच्या कायद्याने कॅथलिकाचा घोडा कितीही मोलाचा असो, प्रॉटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले की तो त्याला द्यावा लागे. याने दिला नाही. आयलीन दुव ही त्याची बायको, ओकॉनेलांच्या मोठ्या घरातली मुलगी. पुढे गाजलेला डॅनिअल ओकॉनेल तिचा भाचा. तिने केलेला विलाप विलाप करणाऱ्या बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि पुढे लिहून घेतला गेला. त्यात नवऱ्याच्या रूपाचे वर्णन आहे, रक्ताने माखलेली घोडी रिकामी दारात आली त्या क्षणाचे आहे, आणि ज्याने मारवले त्याला नाव घेऊन दिलेला शापही आहे. मला सगळ्यांत नवल वाटते ते निराळेच. आर्टची बहीण त्याच विलापात तिला टोमणा मारते, की नवऱ्याच्या जागराच्या रात्री ही बिछान्यावर पडली होती. आणि आयलीन मढ्यासमोरच, तिथल्या तिथे, उत्तर देते, की मी झोपायला नव्हते गेले, लेकरे कासावीस झाली होती, त्यांना निजवायला गेले होते. नणंदभावजयीचे हे भांडण साऱ्या गावासमोर, छंदात! म्हणजे जागर हे कोर्ट होते. मेलेल्याला न्याय, जित्यांना जाब. आणि न्यायासनावर बसलेल्या बायका.

आता वाचकहो, धर्मपीठाला काय खुपत असेल याचा विचार तुम्हीच करा. सतराव्या शतकापासून आयर्लंडच्या बिशपांच्या परिषदांनी एकामागून एक हुकूम काढले. खेळ बंद करा, दारू बंद करा, बायकांचे ओरडणे बंद करा. खोट्या लग्नातला खोटा पाद्री त्यांना झोंबला असल्यास नवल नाही. पण विलापाने त्यांचे काय बिघडवले होते? विलापात स्वर्गनरकाचे हिशेब फारसे नव्हते. तेथे मेलेल्याबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार पाद्र्याचा नव्हता, शेजारणीचा होता. मिरवणुकीत विलाप करणाऱ्या बायकांना पाद्र्यांनी चाबकाने हाकलल्याच्या आठवणी लोकांनी सांगितलेल्या आहेत. जोडीला इंग्रज प्रवासी होतेच. एका हातात रुमाल, दुसऱ्यात टिपणवही, आणि घरी जाऊन छापायला 'आयरिश लोकांचा रानटीपणा'. आमचे व्याख्याते त्याच टिपणवहीतून वाचीत होते, एवढेच मला म्हणायचे आहे. आपल्या खेड्यांबद्दल त्याच लोकांनी लिहिलेले वाचले म्हणजे आपले रक्त उसळते, आणि दुसऱ्याच्या खेड्याबद्दल तेच लिहिलेले आपण टाळ्या देऊन ऐकतो.

ज्यांनी कान देऊन ऐकले त्यांना निराळे ऐकू आले. जॉन सिंज हा नाटककार प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या घराण्यातला. १८९८ पासून तो अॅरनच्या खडकाळ बेटांवर जाऊन राहिला. १९०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने एका म्हातारीच्या दफनाचे वर्णन केले आहे. बायका थडग्यांवर डोकी टेकून आळीपाळीने आकांत करतात, आणि त्याला वाटते की हे एका म्हातारीचे दुःख नव्हे, समुद्र आणि वारा यांच्याशी झगडणाऱ्या सबंध बेटाने एरवी गिळून टाकलेले दुःख येथे तोंड उघडते आहे. आणि त्याच वर्णनाच्या शेवटी तो लिहितो की दफन उरकल्यावर आम्ही सगळे गप्पा मारीत, थट्टा करीत घरी आलो, जणू धक्क्यावरून परतत होतो. एकाच तासात दोन्ही. एकातली ताकद दुसऱ्यातून येते हे त्याला कळले होते.

मरिया एजवर्थबाईंच्या १८०० सालच्या 'कॅसल रॅकरेंट' या कादंबरीत एक झकास प्रसंग आहे. एका जमीनदाराला हौस येते की आपल्या मागे लोक काय बोलतील ते जिवंतपणी ऐकावे. तो मेल्याचे सोंग घेतो. जागर भरतो, धूर होतो, गर्दी होते, आणि हा पांघरुणाखाली घुसमटून खट्टू होतो. कारण आपल्याबद्दल जितके बोलणे होईल असे त्याला वाटले होते तितके होतच नाही. मोठ्या माणसाच्या खोट्या जागराची ही गत. कादंबरीकार म्हणून मला हा प्रसंग आपण लिहिला नाही याचे दुःख आहे.

जागर नाहीसा होतो तेव्हा काय होते, हे पाहायचे तर १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ पाहावा. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ज्या घरी मरण झाले त्या घरात ज्वराच्या भीतीने कोणी पाय ठेवीना. स्किबरीन गावाजवळ हजारो प्रेते खड्ड्यांत लोटली गेली. बिजागरीच्या तळाची पेटी तेव्हा निघाली. खड्ड्यावर न्यायची, तळ उघडायचा, मढे खाली पडले की तीच पेटी पुढच्यासाठी परत आणायची. त्या पिढीला भुकेइतकीच एका गोष्टीची लाज जन्मभर वाटत राहिली, की आपली माणसे जागराविना गेली. मग जहाजाने अमेरिकेला निघालेल्या मुलाचाही आदल्या रात्री जागर करू लागले. 'अमेरिकन वेक' म्हणत त्याला. नाच, जेवण, आणि पहाटे आईने जित्या मुलाला कवटाळून केलेला विलाप. पुन्हा दिसणार नाही ते मेल्यासारखेच. मग निदान त्याला तरी नीट निरोप.

मी वर कारण सांगतो म्हणालो होतो. माझा थोरला भाऊ २०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात गेला. आम्हाला फोन आला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले काहीतरी लांबून दाखवण्यात आले, आणि ते अण्णाच आहेत असे आम्ही मान्य केले. अंगाला पाणी नाही, तोंडात तुळशीपत्र नाही, खांदा नाही. वहिनी घरात, मी फाटकाशी, शेजारी आपापल्या दारांत. एरवी आमच्या गावात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी पिठले-भाकरी घेऊन येतात. त्या वेळी कोणी आले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण आदल्या आठवड्यात मीही कोणाकडे गेलो नव्हतो. त्या रात्री अण्णांबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही. त्यांनी शाळेच्या विहिरीत उडी मारून मास्तरांची पगडी काढली होती ही गोष्ट सबंध गावाला पाठ आहे. ती सांगायला कोणी नव्हते. ती सांगून कोणी हसले असते तर वहिनी रडू शकल्या असत्या. त्या रडल्या सात महिन्यांनी, एकदा, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होत असताना.

आयर्लंडातही २०२० साली हेच झाले. जागर बंद, अंत्यविधीला दहा माणसे. तेव्हा खेड्यापाड्यांतले लोक काय करीत? शवाची गाडी ज्या रस्त्याने जायची त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, अंतर राखून, मैल मैल उभे राहात. आत यायचे नाही ना? मग बाहेर उभे राहू, पण मढे एकटे जाऊ देणार नाही. आमच्या डोक्यात हे का आले नाही, हा प्रश्न मला अजून सोडीत नाही. त्या लोकांना शतकानुशतकांची सवय होती म्हणून ते शक्य झाले असे मला वाटते. हुकूम निघाले, चाबूक उगारले गेले, खेळ गेले, विलापही गेला (१९५१ साली अॅलन लोमॅक्स या अमेरिकन संग्राहकाने डोनेगॉलमध्ये तो ध्वनिमुद्रित केला तेव्हाच तो आठवणीतून गाऊन दाखवण्याची वस्तू झाला होता), शहरांत अंत्यविधीची दुकाने आली. तरी पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या खेड्यांतून घरचा जागर अजून आहे. मयतांची वर्दी आता स्थानिक रेडिओवर वाचतात आणि संगणकावर छापतात, आणि लोक सकाळी उठून ती पाहतात, आज कोणाकडे जायचे आहे म्हणून.

उलट्या बाजूचेही लोक आहेत. पर्यटकांना गुत्त्यात नेऊन 'अस्सल आयरिश जागर' दाखवणारे, रिकाम्या पेटीभोवती गाणी म्हणणारे. त्यांचा मला व्याख्यात्यांहून अधिक राग येतो. मढ्याशिवाय जागर म्हणजे नुसती दारूच की!

माझी एक जुनी विद्यार्थिनी मेयो परगण्यात वृद्धांच्या एका आश्रमात परिचारिका आहे. तिने गेल्या हिवाळ्यात मला सविस्तर पत्र लिहिले. तिने जिची सेवा केली ती ब्याण्णव वर्षांची बाई वारली. घरच्यांनी निरोप पाठवला की रात्री दोन ते चार बसायला तू ये, ती तुला ओळखत होती. ही गेली. दारातच कोणीतरी कोट काढून घेतला, चहा दिला, आणि खुर्ची दाखवली ती थेट मढ्याच्या उशाशी. आमच्याकडे हिच्या वडिलांच्या वेळी हिला फाटकाबाहेर येऊ दिले नव्हते. मुलीच्या जातीने स्मशानाकडे पाहू नये म्हणून. तिने भीत भीत म्हातारीच्या हाताला हात लावला. थंडगार होता, पण ओळखीचा होता, असे ती लिहिते. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा शेतकरी होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने आपल्या भाषेच्या हेलात सांगितले की हिने लग्नाआधी एकदा माझे गाढव जत्रेत मलाच विकले होते. "सर, मी मोठ्याने हसले," पत्रात आहे, "आणि मग दचकून तोंडावर हात घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या थोरल्या मुलीने उठून माझ्या कपात पुन्हा चहा ओतला आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाली, हिला सगळी गोष्ट सांग, हिला पहिल्यापासून माहीत नाही."